भेट द्यावी तर छिद्र असलेली मातीची कुंडी

बागकाम नुकतेच सुरू केलेल्या माणसाची कुंडीतली रोपे अनेकदा पाण्याच्या अभावाने नव्हे, तर अतिरेकाने दगावतात. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो आणि तो त्यांना मातीच्या कणांमधील पोकळ्यांतल्या हवेतून मिळतो. या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की हा पुरवठा जवळपास थांबतो, कारण हवेच्या तुलनेत पाण्यात ऑक्सिजनचे विसरण, म्हणजे पसरत जाणे, सुमारे १०,००० पट मंद असते. गुदमरलेल्या मुळांना पाणी नीट शोषता येत नाही, पाने मलूल होतात, आणि ती तहानलेली आहेत असे समजून नवखा माळी आणखी झारीभर पाणी घालतो.

त्यामुळे अशा व्यक्तीला पर्यावरणपूरक भेट द्यायची झाल्यास माझा कौल झिलई नसलेल्या, भाजलेल्या मातीच्या कुंडीला आहे. तिच्या भिंतींतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपून त्याची वाफ होते आणि माती लवकर मोकळी होते. शिवाय ओली असताना कुंडी गडद दिसते व वाळू लागली की फिकी पडते, त्यामुळे पाणी कधी घालावे याचा अंदाज वेगळ्या उपकरणाविना येतो. काही महिन्यांनी बाहेरून धरणारा पांढरट थर बहुधा पाण्यातील व खतातील क्षारांचा असतो आणि ब्रशने घासल्यास निघतो. मात्र भट्टीलाही इंधन लागतेच, तेव्हा ही कुंडी वर्षानुवर्षे वापरली गेली तरच तिला पर्यावरणपूरक म्हणणे रास्त ठरेल. देखण्या कुंड्यांना पुष्कळदा तळाशी छिद्रच नसते, त्या टाळाव्यात. तळाशी खडे घातल्याने ही उणीव भरून निघत नाही, कारण बारीक मातीतले पाणी केशाकर्षणामुळे, म्हणजे अरुंद पोकळ्या पाणी धरून ठेवतात त्यामुळे, खड्यांच्या थराच्या वरच अडून राहते.

पाणी घालायला विसरणाऱ्यांसाठी बिनझिलईचे छोटे मडके उत्तम. ते गळ्यापर्यंत मातीत पुरून पाण्याने भरावे व झाकावे. भोवतालची माती कोरडी पडली की ती मडक्यातील पाणी ओढून घेते आणि ओली झाली की ही ओढ आपोआप मंदावते. हे तंत्र सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीलेखनात नोंदलेले आहे.

कुंडी भरण्यासाठी तयार मिश्रण देणार असाल, तर त्यात पीट नाही ना हे पाहावे. पाणथळ जागी अर्धवट कुजलेल्या वनस्पतींपासून बनणाऱ्या पीटचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर एवढाच वाढतो आणि त्यात प्रचंड कार्बन साठलेला असतो. हा थर उपसला की त्यातला कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडू लागतो. नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, हा चांगला पर्याय असला तरी त्यात क्षार असू शकतात, म्हणून धुतलेलेच घ्यावे आणि त्यात पोषणासाठी गांडूळखत मिसळावे.

‘विघटनशील’ असे लिहिलेल्या प्लॅस्टिकच्या पेल्यांबाबत मी साशंक आहे. पॉलिलॅक्टिक आम्ल या वनस्पतिजन्य प्लॅस्टिकचे पेले नीट कुजण्यासाठी सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमान टिकावे लागते, आणि घरच्या खताच्या डब्यात ते सहसा टिकत नाही.

बियांचे कागद, म्हणजे लगद्यात बिया मिसळून बनवलेले कागद, दिसायला मोहक असतात, पण त्यांतील बारीक बियांमधला अन्नसाठा तुटपुंजा असतो; कागद खोल पुरला तर पृष्ठभागी पोचण्याआधीच अंकुराची शिदोरी संपते. असा कागद भेट देताना तो मातीवर नुसता पसरून वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा आणि रुजेपर्यंत ओलसर ठेवावा, एवढी सूचना चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावी.