अनुस्फुरक संयुगांचे यकृत पेशींतील वहन

रक्तातील अनुस्फुरक (फ्लुओरोसंट, म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा सोडणारी) संयुगे यकृत पेशींनी आत घेणे, पेशीद्रवातून पलीकडे नेणे आणि पित्तात सोडणे, या क्रियांची साखळी. अनुस्फुरण म्हणजे काय हे कोणत्याही महाविद्यालयात सांगलीच्या हळदीवर सहज दाखवता येते : हळद स्पिरिटमध्ये कालवून, गाळून जंबुपार (अतिनील) दिव्याखाली धरली की द्रावण हिरवट पिवळे उजळते. हळदीतील कुर्क्युमीन मात्र यकृतात फार लवकर रूपांतरित होते, म्हणून वहन मोजायला ते सोयीचे नाही. त्यासाठी फ्लुओरेसीन, त्याला पित्ताम्ल जोडून केलेली संयुगे, ऱ्होडामीन १२३ आणि इंडोसायनीन ग्रीन ही अनुस्फुरक रंगद्रव्ये वापरतात.

फ्लुओरेसीन आडोल्फ फोन बायर यांनी १८७१ मध्ये तयार केले. जिवंत प्राण्याच्या अवयवात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत एलिंजर व हिर्ट यांनी १९२९ च्या सुमारास प्रचारात आणली. यकृताच्या स्रवणाचा पद्धतशीर अभ्यास मात्र हान्झोन यांच्या १९५२ मधील उंदरांवरील कामापासून धरणे अधिक योग्य.

यकृत पेशीच्या रक्ताकडील पटलावर ओएटीपी कुळातील वाहक प्रथिने (संयुगे पटलापार नेणारी प्रथिने) व पित्ताम्ले उचलणारे एनटीसीपी हे वाहक असते (हेच ब-काविळीच्या विषाणूचे प्रवेशद्वार असल्याचे २०१२ मध्ये दिसून आले). पित्तनलिकेकडील पटलावर एमआरपी-२, पी-ग्लायकोप्रथिन इ. वाहक एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून संयुगे बाहेर ढकलतात.

यांपैकी बरीच संयुगे रक्तात अल्ब्युमीन या प्रथिनाला घट्ट बांधलेली असतात. मोकळा अंश इतका थोडा असूनही यकृत ती झपाट्याने कशी उचलते, हा जुना वाद आहे. पेशीपृष्ठावर अल्ब्युमिनासाठी ग्राही (त्याला पकडणारे प्रथिन) असावा, अल्ब्युमीन तेथे टेकून ओझे उतरवत असावे, असे वाइसिगर व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये सुचवले. यकृत पेशीवर असा ग्राही निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. दुसऱ्या मतानुसार पेशीलगत द्रवाचा एक न ढवळला जाणारा थर असतो. त्यातून अल्ब्युमीन संयुगाला पृष्ठापर्यंत पोचवते आणि पुढील वेग संयुग त्यापासून किती लवकर सुटते यावर ठरतो. १९९४ मध्ये उंदराच्या यकृतातील पहिल्या ओएटीपीचे जनुक वेगळे झाल्यावर स्वतंत्र अल्ब्युमीन-ग्राही मानण्याची निकड उरली नाही. दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे.

पेशीच्या आत ही संयुगे बांधून ठेवणारी वाय व झेड ही प्रथिने लेव्ही, गाटमाइटन व अरायस यांनी १९६९ मध्ये वर्णिली. वाय म्हणजे लिगँडिन. ते पुढे ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज हे विकर (एन्झाइम) ठरले. संयुग पुन्हा रक्तात परतू न देणे हे त्याचे मुख्य काम दिसते.

सुट्या केलेल्या यकृत पेशींच्या जोडीत हा प्रवास डोळ्यांनी दिसतो. आधी दोन्ही पेशी सारख्या उजळतात. काही मिनिटांत त्यांच्यामधली बंद पोकळी लखलखू लागते आणि पेशी मंदावतात. ४° से. तापमानाला हे जवळजवळ थांबते. मटणाच्या दुकानातून आणलेल्या काळजाच्या फोडीवरही ते दिसणार नाही, कारण त्यातील एटीपी संपलेला असतो आणि रंग नुसता मुरतो. उजेड जास्त म्हणजे ग्रहण जास्त, असे सरळ वाचणे मात्र चुकीचे. फ्लुओरेसीनचे ग्लुकुरोनाइड (ग्लुकुरोनिक आम्ल जोडले गेलेले रूप) मंद प्रकाशते, आम्लतेने फ्लुओरेसीनची दीप्ती घटते आणि दाटी झालेले रेणू एकमेकांची दीप्ती शमवतात. मोजमापात हे तिन्ही वजा करावेच लागतात.

इंडोसायनीन ग्रीन न बदलता पित्तात उतरते. यकृताचा भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी ते शिरेतून टोचतात. १५ मिनिटांनी रक्तात १० टक्क्यांहून कमी उरणे सामान्य मानतात. रोटर विकारात (आनुवंशिक काविळीचा एक प्रकार) ओएटीपी १बी१ व १बी३ दोन्ही निकामी असल्याने ते रक्तात बराच वेळ रेंगाळते. एमआरपी-२ च्या दोषामुळे होणाऱ्या डुबिन-जॉन्सन या दुसऱ्या आनुवंशिक काविळीच्या विकारात मात्र त्याचा निचरा सहसा नेहमीसारखाच होतो.