ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी

ऑस्ट्रेलियन ओपन या हार्ड कोर्टवरील ग्रँड स्लॅम टेनिस स्पर्धेच्या मुख्य ड्रॉच्या (मुख्य सामन्यांच्या तक्त्याच्या) आधीच्या आठवड्यात मेलबर्न पार्कमध्ये होणारी एकेरीची बाद फेरी. पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत प्रत्येकी १२८ खेळाडू उतरतात आणि लागोपाठ तीन सामने जिंकणाऱ्या प्रत्येकी १६ जणांना मुख्य ड्रॉमध्ये प्रवेश मिळतो. महिलांचा पात्रता ड्रॉ काही वर्षांपूर्वीपर्यंत लहान होता आणि त्यातून १२ जणीच पुढे जात. आता दोन्ही गटांत समान जागा आहेत.

मुख्य ड्रॉमध्येही १२८ जागा असतात. त्यांपैकी १०४ जागतिक क्रमवारीवरून भरतात, ८ वाइल्ड कार्डने, म्हणजे संयोजकांच्या मर्जीने, दिल्या जातात आणि उरलेल्या १६ पात्रता फेरीतून येणाऱ्यांसाठी राखीव असतात. ढोबळमानाने पहिल्या शंभरात असलेल्याला थेट प्रवेश मिळतो, त्याखालच्याला पात्रता फेरी खेळावी लागते. प्रवेश ठरवताना स्पर्धेच्या कित्येक आठवडे आधीची क्रमवारी धरतात. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात एखाद्या छोट्या चॅलेंजर स्पर्धेत गमावलेल्या दोन-तीन सामन्यांची किंमत जानेवारीत मोजावी लागते. वृत्तपत्रांत या फेरीच्या वाट्याला एखादी ओळ येते. क्रमवारीत शंभर ते अडीचशेच्या मध्ये असणाऱ्यांसाठी मात्र खरी स्पर्धा हीच. वर्षभराचा हिशेब इथे जुळतो किंवा इथेच बिघडतो.

ड्रॉचे १६ गट पाडतात. प्रत्येक गटात ८ खेळाडू असतात आणि त्यांत दोघे मानांकित, म्हणजे क्रमवारीवरून वरचे ठरवलेले, असतात. गटातून एकच जण पुढे जातो. पुरुषांचे मुख्य सामने पाच सेटचे असले तरी पात्रता फेरीत त्यांनाही तीनच सेट मिळतात. पाच सेटमध्ये सुरुवात खराब झाली तरी सावरायला वेळ असतो, इथे एक सर्व्हिस गमावली की सेट हातचा जातो आणि अर्धा सामनाही. हार्ड कोर्टवर हे जास्त जाणवते. डांबरी किंवा काँक्रीटच्या पायावर अॅक्रिलिकचे थर चढवलेले हे कोर्ट चेंडूला एकसारखी उसळी देते, त्यामुळे ज्याची सर्व्हिस त्या दिवशी बसली आहे त्याला रोखणे अवघड होते. मेलबर्नला २०२० पासून ग्रीनसेट कंपनीचा पृष्ठभाग आहे. त्याआधी प्लेक्सिकुशन होता, आणि २००७ पर्यंत रिबाउंड एस.

सामने मुख्यतः बाहेरच्या कोर्टांवर होतात. मोठ्या स्टेडियमवर सरकते छत असते, इथे ते नाही आणि जानेवारीतले ऊन कोर्टही तापवते. या फेरीतला खेळाडू किती उघड्यावर खेळतो हे जानेवारी २०२० मध्ये जगाने पाहिले. वणव्यांचा धूर शहरावर पसरला होता. स्लोव्हेनियाची दलिला याकुपोविच पहिला सेट जिंकून दुसऱ्यात ५-६ अशी खेळत होती. तिला खोकल्याची उबळ आली, ती कोर्टवरच गुडघ्यांवर बसली आणि तिला सामना सोडून द्यावा लागला. यानंतर संयोजकांनी हवेतील प्रदूषणाच्या कोणत्या पातळीला खेळ थांबवायचा याचे नियम जाहीर केले. ते आधीच असायला हवे होते.

आर्थिक बाजू समजून घेतल्याशिवाय या फेरीचे महत्त्व कळत नाही. २०२५ मध्ये पात्रता फेरीच्या पहिल्या सामन्यात हरणाऱ्याला ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, दुसऱ्यात हरणाऱ्याला ४९,००० आणि तिसऱ्यात ७२,०००. मुख्य ड्रॉच्या पहिल्या फेरीतील रक्कम होती १,३२,०००. म्हणजे तिसरा सामना जिंकणे आणि हरणे यांत किमान ६०,००० डॉलरचा फरक पडला. त्याच दुपारी हे पैसे ठरतात, आणि त्यातून पुढच्या काही महिन्यांचे विमान, हॉटेल, प्रशिक्षक आणि फिजिओ यांचा खर्च निघतो. टेनिसपटूला संघ किंवा पगार नसतो, प्रवासाचा खर्च त्याचा त्यालाच करावा लागतो.

सुमित नागलचे उदाहरण याच संदर्भात पाहावे. आपल्या बँक खात्यात ९०० युरोच उरल्याचे त्याने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. जानेवारी २०२४ मध्ये तो मेलबर्नची पात्रता फेरी खेळला आणि एकही सेट न गमावता तीन सामने जिंकला. तिसऱ्या सामन्यात त्याने स्लोव्हाकियाच्या अलेक्स मोलचानला ६-४, ६-४ असे हरवले. मुख्य ड्रॉमध्ये त्याची गाठ ३१व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकशी पडली. नागलने त्यालाही सरळ सेटमध्ये घरी पाठवले. ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा रमेश कृष्णननंतरचा तो पहिला भारतीय पुरुष. कृष्णनने १९८९ मध्ये याच स्पर्धेत मॅट्स विलँडरला हरवले होते. दुसऱ्या फेरीत नागल हरला, पण तिथवर मजल मारल्याबद्दल त्याला १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. पुढच्याच महिन्यात चेन्नईची चॅलेंजर स्पर्धा जिंकून तो पहिल्या शंभरात आला.

पात्र ठरल्यावरही आपल्यासमोर कोण येणार हे खेळाडूला लगेच कळत नाही. मुख्य ड्रॉ आधीच काढलेला असतो आणि त्यात पात्रता फेरीच्या जागा कोऱ्या ठेवतात. फेरी संपली की त्या जागांसाठी पुन्हा चिठ्ठ्या टाकतात. कुणाला पहिल्याच सामन्यात अग्रमानांकित भेटतो, कुणाला दुसरा पात्रतावीरच.

तिसऱ्या सामन्यात हरलेल्यांसाठी आणखी एक दार असते, ‘लकी लूजर’. मुख्य ड्रॉमधून कुणी ऐनवेळी माघार घेतली तर ती जागा यांच्यापैकी एकाला मिळते. आधी नाव नोंदवायचे, मग बॅग भरून मैदानावर थांबायचे. प्रज्ञेश गुणेश्वरनने २०१९ मध्ये पात्रता फेरी जिंकून मुख्य ड्रॉ गाठला होता. २०२० मध्ये तो अखेरच्या सामन्यात लाटव्हियाच्या एर्नेस्ट्स गुल्बिसकडून हरला, पण लकी लूजर म्हणून आत आला. समोर होता जपानचा तात्सुमा इतो, आणि विजेत्याची पुढची लढत नोव्हाक जोकोविचशी होणार होती. प्रज्ञेश तीन सेटमध्ये हरला. भारतीय टेनिसच्या चाहत्यांना तो सामना आजही टोचतो. रामकुमार रामनाथनच्या वाट्याला तेवढेही आले नाही. ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेऱ्या तो वीसहून अधिक वेळा खेळला, काही वेळा अखेरच्या सामन्यापर्यंत पोहोचला, पण एकेरीचा मुख्य ड्रॉ त्याला मिळाला नाही. त्याची ही चिकाटी भारतीय टेनिसच्या इतिहासात नोंदवली गेलीच पाहिजे.

२०२१ ची फेरी मेलबर्नमध्ये झालीच नाही. कोविडच्या निर्बंधांमुळे ऑस्ट्रेलियात येणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवायची होती, म्हणून जानेवारीत पुरुषांचे सामने दोह्याला आणि महिलांचे दुबईला घेतले. विजेते आणि संभाव्य लकी लूजर यांना खास विमानांनी मेलबर्नला नेऊन १४ दिवस विलगीकरणात ठेवले. अंकिता रैना दुबईत अखेरच्या सामन्यात सर्बियाच्या ओल्गा डॅनिलोविचकडून हरली. तरीही ती राखीव म्हणून मेलबर्नला गेली. एकेरीत जागा मिळाली नाही, दुहेरीत ती खेळली. दोह्यातून पात्र ठरलेला अस्लान करात्सेव मात्र थेट उपांत्य फेरीत धडकला. जागतिक क्रमवारीत ११४वा असलेला हा २७ वर्षांचा रशियन ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये प्रथमच खेळत होता. त्याने आठवा मानांकित दिएगो श्वार्ट्झमनला हरवले, फेलिक्स ओझे-अलियासिमविरुद्ध दोन सेटची पिछाडी भरून काढली आणि ग्रिगोर दिमित्रोवलाही नमवले. ओपन युगात (व्यावसायिकांनाही प्रवेश मिळू लागला त्या १९६८ पासून) पदार्पणातच उपांत्य फेरी गाठणारा तो पहिला पुरुष. त्याला जोकोविचने रोखले.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हार्ड कोर्टवर ब्रिटनच्या एमा राडुकानूने यापुढचे पाऊल टाकले. पात्रता फेरीचे तीन आणि मुख्य ड्रॉचे सात असे दहा सामने एकही सेट न गमावता जिंकून तिने यूएस ओपनचे विजेतेपद मिळवले. ओपन युगात पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅम जिंकणारी ती एकमेव खेळाडू आहे. पात्रता फेरी संपेल त्या सुमाराचे परतीचे विमान तिने आधीच काढून ठेवले होते.

इतर व्यावसायिक स्पर्धांतही पात्रता फेरी असते, पण ती छोटी. एटीपी २५०, म्हणजे पुरुषांच्या मुख्य दौऱ्यातील सर्वांत खालच्या दर्जाच्या, स्पर्धेत बहुधा दोनच सामने जिंकावे लागतात आणि चार जण पुढे जातात. पुण्यात बालेवाडीच्या हार्ड कोर्टवर २०१८ ते २०२३ या काळात, २०२१ चा अपवाद वगळता, महाराष्ट्र ओपन ही याच दर्जाची स्पर्धा होत असे. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर होणारी मुंबई ओपन ही महिलांची डब्ल्यूटीए १२५ दर्जाची स्पर्धा. तिथे फेब्रुवारी २०२५ मध्ये कोईमतूरची १५ वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून आत आली आणि उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली. तिथे तिला स्वित्झर्लंडच्या यिल टाइशमनने हरवले आणि पुढे टाइशमनच विजेती ठरली.