फाइल शोधायची म्हणजे काय काय

दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या कागदाचे तीन स्कॅन एकाच कॉम्प्युटरवर आहेत. वडिलांनी फाइलला नाव दिलं ‘खरेदीखत’. चुलतभावाने रोमन अक्षरांत ‘दस्तावेज’ लिहिलं, कारण वकिलापासून तलाठ्यापर्यंत वडोदऱ्यात सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द. तिसऱ्याचं नाव स्कॅनरनेच ठेवलं: ‘स्कॅन ००१७’. कागद तोच, पण शोधाच्या चौकटीत कुठलाही एक शब्द टाकला तर बाकीचे दोन समोर येत नाहीत.

ही अडचण कॉम्प्युटरने आणलेली नाही. मराठी दप्तरखान्यांत कागद रुमालात बांधून ठेवत आणि वर चिठ्ठी लावत. चिठ्ठीवर जे असेल तेवढं कुणालाही सापडे, आत काय आहे ते जुन्या कारकुनालाच ठाऊक. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. त्याने सेंट्रल लायब्ररीसाठी ड्युई आणि कटर या दोन अमेरिकन ग्रंथपालांच्या पद्धती मिसळून स्वतंत्र वर्गीकरण बसवलं. नाव माहीत नसलं तरी विषयावरून पुस्तकापाशी पोहोचता यावं, हा वर्गीकरणाचा खरा उपयोग. मांडवीजवळच्या त्या इमारतीतल्या काचेच्या जमिनी पाहायला लोक आजही जातात. वर्गीकरण बघायला कोण जाणार म्हणा!

कॉम्प्युटरने मात्र सुरुवात चिठ्ठीपासूनच केली. १९७० च्या दशकात युनिक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीत ‘फाइंड’ ही आज्ञा आली. ती दरवेळी एकेका फोल्डरमध्ये शिरून नावं तपासते, म्हणजे प्रत्येक वेळी सगळे रुमाल सोडून पुन्हा बांधायचे. त्याच दशकात केन थॉम्पसनने लिहिलेलं ‘ग्रेप’ फाइलच्या आतला मजकूर चाळायचं. १९८३ मध्ये जेम्स वूड्सने ‘फाइंड’च्या या खटाटोपावर तोड सांगितली: सगळ्या नावांची यादी आधीच बनवून ठेवायची आणि शोध त्या यादीत घ्यायचा. ‘लोकेट’ ही आज्ञा अशीच चालते. यादी साधारण दिवसातून एकदा, बहुधा रात्री ताजी होते, त्यामुळे आज सकाळी ठेवलेली फाइल दुपारी तिला ठाऊक नसते.

आपल्याकडच्या घरगुती कॉम्प्युटरांवर मात्र विंडोजच्या आधीची डॉस ही प्रणाली होती. नावाला आठ अक्षरं, मग टिंब, मग तीन अक्षरं. वडोदऱ्यातल्या कारेलीबागेचं नाव रोमनमध्ये लिहायला दहा अक्षरं लागतात, म्हणजे शेपूट कापल्याशिवाय गत्यंतर नाही. वर्षभराने नेमकी कुठली अक्षरं कापली होती ते आठवायचं, मग न आठवणाऱ्या अक्षरांच्या जागी चांदणी (*) आणि प्रश्नचिन्ह टाकून अंदाज बांधायचा. विंडोज ९५ ने २५५ अक्षरांपर्यंत मुभा दिली तेव्हा लोकांनी फाइलच्या नावात अख्खी वाक्यं लिहिली. मला तर ती चैनच वाटली.

नाव जुळलं की फाइल सापडते. पण दोनशे नावं जुळली तर? कामाचं कुठलं, हा प्रश्न इथे येतो, त्यालाच रेलेव्हन्स म्हणतात. त्याचा पाया फाइल-सॉफ्टवेअरवाल्यांनी घातला नाही, तो ग्रंथसूची आणि माहितीशोध यांच्या अभ्यासातून आला. १९७२ मध्ये केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी एक साधी गोष्ट मांडली: जो शब्द थोड्याच कागदांत येतो त्याला वजन जास्त द्यावं. वडोदऱ्यात ‘सयाजी’ टाकलं तर सयाजीगंज, सयाजीबाग, सयाजी हॉस्पिटल, सगळंच वर येईल. तो शब्द इथे जवळजवळ निरुपयोगी. ‘सयाजीगंज गाळा घरपट्टी’ म्हटलं तर वजन ‘गाळा’वर पडायला हवं.

फाइलींच्या आतल्या मजकुरात असा शोध घरच्या कॉम्प्युटरवर यायला आणखी तीस वर्षं गेली. गुगल डेस्कटॉप २००४ मध्ये आलं आणि २०११ मध्ये बंदही झालं. ॲपलचं स्पॉटलाइट २००५ चं. मायक्रोसॉफ्टने फाइलव्यवस्थाच डेटाबेससारखी करण्याचा विनएफएस नावाचा घाट घातला होता, तो २००६ मध्ये गुंडाळला. वेबवर शोध चांगला चालतो याचं एक मोठं कारण म्हणजे पानं एकमेकांना लिंक देतात, त्यावरून महत्त्व मोजता येतं. माझं खरेदीखत कुणालाच लिंक देत नाही. म्हणून फाइलींच्या शोधात दुसऱ्या खुणा धराव्या लागतात: शब्द नावाच्या सुरुवातीलाच जुळला का, अक्षरं सलग जुळली का, फाइल अलीकडे कधी उघडली. आणि गंमत म्हणजे बऱ्याच जणांना यातलं काहीच नको असतं. डेव्हिड कार्पेंटरचं ‘एव्हरीथिंग’ हे विंडोजवरचं सॉफ्टवेअर डिस्कवरची फाइलींची मूळ नोंदवही थेट वाचतं आणि टाइप करता करता नावं समोर ठेवतं. एवढ्याच बळावर ते लोकांना आवडतं.

मराठीचा गुंता वेगळा. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारं युनिकोड येण्याआधीच्या फाँटमधला मजकूर आतून रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतो, मराठी दिसते ती फाँटमुळे. त्यात ‘घरपट्टी’ शोधून उपयोग नाही. युनिकोडमध्येही ‘ॲ’ हे एकसंध अक्षर २००८ मध्ये आलं. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहीत, आणि अजूनही काही कीबोर्ड तसंच लिहितात. डोळ्याला दोन्ही सारखीच, यंत्राला दोन निराळी. ‘वडोदऱ्यात’मधला अर्धा ‘र’ही दोन तऱ्हांनी टाइप होतो.

आमच्या वकिलांची पत्रं ‘ॲड.’ने सुरू होणाऱ्या फाइलींत आहेत. निम्मी एका अक्षराने, निम्मी दुसऱ्याने. आता मी नुसतं आडनाव टाकतो.