घाट चढताना हलका होणारा पाऊस

‘शरीरातला जड हायड्रोजन घालवा, हलकं पाणी प्या’ अशी एक जाहिरात सध्या नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतेय. बाटलीचा भाव दुधापेक्षा कितीतरी जास्त. त्यातला जड हायड्रोजन खरा आहे, पण त्याची भीती खोटी. आणि पाणी हलकं करायचं काम आपला पाऊस दरवर्षी फुकटात करतो.

साध्या हायड्रोजनच्या केंद्रात एकटा प्रोटॉन असतो. सोबत एक न्यूट्रॉन आला की तो ड्युटेरियम, म्हणजेच जाहिरातीतला जड हायड्रोजन; दोन आले की ट्रिटियम. एकाच मूलद्रव्याची अशी कमी-जास्त वजनाची भावंडं म्हणजे समस्थानिकं. ड्युटेरियम हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ मध्ये शोधला आणि १९३४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. समुद्राच्या पाण्यात दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे १५६ ड्युटेरियमचे असतात. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात हा ऐवज जेमतेम दोन ग्रॅम भरतो आणि जन्मभर निमूट पडून असतो.

खरी गंमत पावसात आहे. ड्युटेरियमवाला रेणू वाफ व्हायला आळशी आणि पुन्हा थेंब व्हायला उतावळा. २५ अंशांना हा फरक साधारण आठ टक्क्यांचा पडतो. म्हणजे समुद्रात १५६, तर त्यावरच्या वाफेत १४५ च्या आसपास. ही वाफ अरबी समुद्रावरून शहापूर ओलांडून कसाऱ्याला येते, सह्याद्रीला धडकून वर चढते, थंड होते आणि इगतपुरीवर कोसळायला लागते. पहिले थेंब जड रेणू जास्त उचलतात, त्यांच्यात जवळपास १५६ च. पण त्यामुळे ढगात उरलेली वाफ आणखी गरीब होते. निम्मी वाफ बरसून गेली की उरलेलीत १३७ राहतात आणि तिच्यातून पडणाऱ्या थेंबांत १४८. पुढे नाशिक, सिन्नर, येवला. प्रत्येक सरीगणिक ढगातला ड्युटेरियमचा वाटा उतरत जातो.

हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात जंगलं, शेतं वाटेत नवी वाफ सोडतात. कोरड्या हवेत पडता पडता थेंब आटतो आणि पुन्हा जड होतो. त्यामुळे येवल्याचं पाणी हमखास हलकं, असं सूत्र कुणी मांडू नये. ध्रुवीय बर्फात मात्र ही छाटणी टोकाला जाते: अंटार्क्टिकाच्या बर्फात आकडा नव्वदीपर्यंत उतरतो. २०२७ च्या सिंहस्थात कुशावर्ताच्या पाण्याला कुणी ‘समस्थानिक शुद्धी’ चिकटवलीच, तर आधी प्रयोगशाळेचा कागद मागा.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी आटतं तेव्हा हलके रेणू आधी उडतात आणि उरलेलं पाणी जड होतं. म्हणून विहिरीत आलेलं पाणी धरण-कालव्याच्या पाझराचं की थेट पावसाचं, हे ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचं जड भावंड) एकत्र मोजून बरंचसं ओळखता येतं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात समस्थानिकांवरून भूजलाचा माग काढण्याचं काम चालतं.

पाण्याचं वय सांगायला ट्रिटियम कामी येतो. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्माच उरतो. अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास पावसात तो प्रचंड वाढला होता. खोल बोअरच्या पाण्यात ट्रिटियम जवळपास सापडलाच नाही, तर त्यातलं बहुतेक पाणी १९५० च्या आधी जमिनीत मुरलेलं. अशा बोअरवर नवी द्राक्षबाग लावण्याआधी शेतकऱ्याने दोनदा विचार करावा: ते पाणी एका पावसाळ्यात भरून निघणारं नाही.