टीबीच्या पेशंटची शुगर का तपासतात

गेल्या पावसाळ्यात मामांना टीबी म्हणून इस्पितळात ठेवलेलं तेव्हा मी नर्सबाईंना विचारलं, दुखणं छातीचं आणि सुई बोटाला कशाला? मशीनवर आकडा आला ३८०. मामांना शुगर आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, वजन उतरतंय ते टीबीमुळेच असं सगळे धरून चाललेलो.

ही जोडी फार जुनी आहे. इन्सुलिन आलं १९२१-२२ ला, त्याआधी मधुमेहाची कितीतरी माणसं शेवटी टीबीनेच जायची. मग दोन्हींवर औषधं निघाली आणि डॉक्टर वेगळे, वॉर्ड वेगळे, फायली वेगळ्या, पण शरीर तर एकच ना! मधुमेह असला की टीबीचा धोका दोन-तीन पट होतो, आणि २०२३ ला छापून आलेल्या आयसीएमआरच्या (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वात जास्त आपल्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के. त्यामुळे बोटाला सुई टोचायलाच हवी.

टीबीची दुसरी जोडी एचआयव्हीशी, आणि ती गोष्ट तर गोंयकारांनी विसरू नये अशी. १९५९ ला मद्रासच्या अभ्यासात दिसलं की घरी राहून औषधं घेणारे टीबीचे पेशंट सॅनेटोरियममधल्यांइतकेच, म्हणजे टीबीवाल्यांना वेगळं ठेवायच्या इस्पितळातल्यांइतकेच, बरे होतात, मग ठिकठिकाणची सॅनेटोरियमं हळूहळू ओस पडली. अशाच एका जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये १९८९ ला डॉमिनिक डिसोझा या तरुणाला ६४ दिवस कोंडून ठेवलं. त्याने केलेलं काय, तर रक्तदान, आणि त्या रक्तात एचआयव्ही सापडला. गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्यात तशी सोयच होती. मला हे वाचून अजून त्रास होतो, कारण एचआयव्हीने प्रतिकारशक्ती घटली की अंगात निपचित पडलेला टीबी उठतो, म्हणजे अशा माणसाला टीबीपासून जपायचं असतं. बाहेर आल्यावर तो एचआयव्ही झालेल्यांसाठी झटला, १९९२ ला गेला.

देशात टीबी आणि एचआयव्हीचं काम २००१ पासून जोडायला लागले, टीबी-मधुमेहासाठी राष्ट्रीय चौकट आली २०१७ ला, आणि टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकारचे महिना ५०० रुपये २०१८ पासून, ते आता १००० झालेत. कुपोषण हे टीबीचं केवढं मोठं कारण आहे ते बघता पैसे फार उशिरा आले असंच मला वाटतं.

राहिली दारू. टीबीच्या गोळ्या लिव्हरला जड जातात, वर फेणी म्हणजे काविळीला आमंत्रणच, त्यामुळे मामांची ती पहिल्याच दिवशी बंद केली. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे शुगरच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो म्हणून डॉक्टरांनी त्यांना इन्सुलिनवर ठेवलं. आता सकाळी शुगर किती, पेज किती वाट्या, इन्सुलिन किती युनिट, सगळं मामी कालनिर्णयच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिते, टीबीची गोळी घेतली की बाजूला लाल टिकली.