मराठी बातमी नेटवर आली त्याची पार्श्वभूमी

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला, आणि पुढच्या काही वर्षांत मराठी पेपर नेटवर यायला लागले. यायला लागले म्हणजे रात्री छापायला सोडलेलाच मजकूर सकाळी वेबसाइटवर चढायचा. तालुक्याचा वार्ताहर तेव्हाही बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे देत होता, नाहीतर बूथवरून फॅक्स करत होता.

खरी गोची फॉन्टची होती, आणि यावर कुणी फारसं बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. डीटीपीचे जुने फॉन्ट म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं. कृतिदेव नावाच्या फॉन्टमध्ये इंग्रजी डीचं बटण दाबलं की पडद्यावर 'क' दिसायचा, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती डीच. ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा, तो आधी उतरवून घ्या मग बातमी वाचा, नाहीतर समोर सगळा कचरा. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला कोड देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१पासून होती तरी पेपरवाल्यांनी वर्षानुवर्षं आपला फॉन्ट सोडला नाही. त्यांचीही बाजू होती, पानं लावायचं सॉफ्टवेअर युनिकोड मराठी घेत नव्हतं, ऑपरेटरचा हात जुन्या कीबोर्डवर बसलेला, एक्सपीवर मराठी चालू करायची तर सीडी शोधा. पण माझ्या मते हा निर्णय आपल्याला सगळ्यात महागात पडला, कारण त्या काळातल्या कितीतरी मराठी बातम्या सर्चला सापडतच नाहीत. नंतर जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलेल्या पानांवर 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' झालेलं दिसतं, आणि काही ठिकाणी 'शेतकर्‍यांना' असं दिसायला बरोबर पण आतून वेगळ्याच कोडने लिहिलेलं असतं, त्यामुळे एक टाइप केलं की दुसरं सापडेलच असं नाही. कर्जमाफीच्या जुन्या बातम्या शोधायच्या असतील तर तिन्ही तऱ्हा टाइप करून बघा, फरक लगेच कळेल.

मग सप्टेंबर २०१६ला जिओ आलं आणि रात्रीची डेडलाइन मागे पडली. बातमी आधी व्हॉट्सॲपवर, पेपरात दुसऱ्या दिवशी. याची सगळ्यात भयंकर किंमत १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मोजली गेली, मुलं पळवणारी टोळी फिरतेय या अफवेवरून भिक्षा मागून जगणाऱ्या ५ जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर एका वेळी ५ चॅटची मर्यादा घालायचं ठरवलं. तेव्हापासून 'व्हायरल मेसेज खोटा आहे' हे सांगणं हीच न्यूजरूममधली रोजची ड्यूटी झालीय.

कायदा मात्र मागेच. पेपरांच्या नोंदणीचा १८६७चा कायदा जाऊन १ मार्च २०२४पासून नवा लागू झाला, पण नोंदणी छापील नियतकालिकांचीच, पोर्टल त्यात नाहीतच. २०२१च्या आयटी नियमांत डिजिटल बातम्या आल्या, पण त्यातल्या आचारसंहितेच्या कलमांना मुंबई हायकोर्टाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली. त्यामुळे तालुक्यात माईक घेऊन फिरणाऱ्या पोर्टलवाल्या पोराला पत्रकार परिषदेत आजही 'पेपर कोणता तुझा?' असं विचारतात. आणि त्याने उन्हातान्हात जाऊन केलेला व्हिडिओ, फोनमध्ये जागा उरली नाही की डिलीट होतो.