पंख्यावरचा दुसरा आकडा

बोटीच्या मागे बाहेरून बसवल्या जाणाऱ्या आउटबोर्ड मोटरीच्या, पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या मधल्या भागावर बहुधा दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ 13 × 17. पहिला आकडा पंख्याचा व्यास इंचांत सांगतो आणि त्याविषयी कोणाला शंका नसते. दुसरा आकडा पिचचा, आणि गैरसमज त्याच्याभोवतीच साचलेले आहेत. इंदूरमधल्या माझ्या परिचयाच्या एका हौशी गटाने निमाडातल्या, नर्मदेवरच्या इंदिरा सागर जलाशयात फिरण्यासाठी फायबरची बोट आणि मोटर घेतली, तेव्हा त्यांच्यात 17 इंच पिचचा पंखा काढून 21 इंच पिचचा बसवावा असा विचार सुरू झाला. आकडा मोठा म्हणजे वेग मोठा, इतके साधे गणित त्यामागे होते. हा समज इंटरनेटवरच्या चित्रफितींतूनही जोमाने पसरवला जातो, म्हणून त्याची जरा नीट तपासणी करणे भाग आहे.

पिच म्हणजे पंख्याने एका पूर्ण फेऱ्यात पुढे सरकण्याचे कागदावरचे अंतर. लाकडात स्क्रू फिरवताना तो प्रत्येक फेऱ्याला आपल्या आट्यांमधील अंतराइतका आत जातो, तशीच ही कल्पना आहे. मात्र लाकूड जागचे हलत नाही आणि पाणी हलते, म्हणून हे साम्य इथेच सोडून द्यावे लागते. 1836 मध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज संशोधकाने नावेच्या स्क्रूचे पेटंट घेतले, त्या वेळी त्याच्या लाकडी स्क्रूला पूर्ण दोन वळसे होते. पुढच्या वर्षी लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यातील चाचणीत त्याचा अर्धा भाग मोडून पडला आणि नाव चक्क अधिक वेगाने धावू लागली. पाण्यात लांबलचक आटे लागत नाहीत, योग्य कोनातली आखूड पातीच उत्तम काम करतात, हे त्या अपघाताने दाखवून दिले.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. मोटर मिनिटाला 5,500 फेरे घेत आहे आणि गिअरचे प्रमाण 2:1 आहे असे धरले, तर पंखा मिनिटाला 2,750 फेरे घेईल. 17 इंच म्हणजे 43.18 सेंटीमीटर, म्हणजे पंख्याने मिनिटाला सुमारे 1,187 मीटर आणि तासाला सुमारे 71 किलोमीटर अंतर कापायला हवे. जीपीएस मात्र तासाला 60 किलोमीटरच दाखवतो असे समजू. हा जो साधारण 16 टक्क्यांचा फरक, त्याला स्लिप म्हणतात. पाण्याच्या पृष्ठभागावर उचलून धावणाऱ्या हलक्या बोटींमध्ये तो सामान्यतः 10 ते 20 टक्के असतो. स्लिप म्हणजे वाया गेलेली शक्ती आणि उत्तम पंख्यात ती शून्य असली पाहिजे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती अशी की स्लिप शून्य झाली तर बोटीला पुढे ढकलणारा रेटाही जवळजवळ संपेल.

याचे कारण शाळेतल्या त्रिकोणमितीने उलगडता येते. 13 इंच व्यासाच्या या पंख्याच्या पात्यावर केंद्रापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या 70 टक्क्यांवर एक बिंदू घेऊ. अभियंते पात्याचा ढोबळ हिशेब बहुधा याच ठिकाणी करतात. त्या बिंदूची त्रिज्या 4.55 इंच, म्हणून एका फेऱ्यात तो 28.6 इंचांचे वर्तुळ फिरतो. हे वर्तुळ उलगडून सरळ रेषेत मांडले, तर 28.6 पाया आणि 17 उंची असलेला काटकोन त्रिकोण मिळतो. त्याचा कोन 30.7 अंश, आणि पाते त्या जागी याच कोनात घडवलेले असते. परंतु 16 टक्के स्लिप असल्यामुळे बोट एका फेऱ्यात 17 नव्हे, तर सुमारे 14.3 इंचच पुढे जाते. त्यामुळे पात्याच्या दृष्टीने पाणी समोरून येते ते 26.6 अंशांच्या तिरक्या मार्गाने. पात्याचा कोन आणि पाण्याचा मार्ग यांतला फरक उरतो जेमतेम 4 अंश. वाऱ्याला थोडा कोन करून धरलेल्या विमानाच्या पंखाला जसा उचल मिळतो, तसाच या 4 अंशांमुळे पात्याच्या एका बाजूचा दाब वाढतो, दुसऱ्या बाजूचा घटतो आणि बोट पुढे ढकलली जाते. (पंखा पुढचे पाणी आधीच थोडे ओढून घेत असल्याने प्रत्यक्षातला कोन याहूनही कमी असतो, आणि पाते किंचित बाकदार असल्याने शून्य कोनालाही थोडा रेटा उरतो, पण मूळ यंत्रणा हीच.) म्हणजे कागदावर 16 टक्के तोटा वाटणारी गोष्ट ही खरे पाहता रेटा निर्माण होण्याची अटच आहे.

हाच त्रिकोण टोकापाशी मांडला तर कोन 22.6 अंश येतो आणि केंद्रापासून 2 इंचांवर मांडला तर 53 अंशांच्या पुढे जातो, कारण पाया आखूड होतो आणि उंची तीच राहते. पात्याला पीळ असतो तो याच कारणाने.

आता 21 इंची पंखा घेऊ. त्याच बिंदूवर त्याचा कोन 36 अंशांहून थोडा अधिक येतो. बोट जागेवरून सुटत असताना ती पुढे सरकतच नसते, त्यामुळे हा सगळाच्या सगळा कोन पाण्याच्या आड येतो. पात्याच्या पाठीवरून पाण्याचा प्रवाह सुटतो, तिथला दाब इतका घसरू शकतो की पाणी थंड असूनही त्याची वाफ होते, आणि माणसांनी भरलेली बोट पाण्यावर उचलली जाण्याऐवजी नाक वर करून रखडत राहते. 17 इंची पंख्यालाही ही अवस्था टळत नाही, पण तो तिच्यातून लवकर बाहेर पडतो.

इंजिनाची बाजू थोडक्यात सांगता येते. एकाच बोटीवर, एकाच पंख्याला लागणारी शक्ती ढोबळमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे वेगाचा दांडा शेवटपर्यंत पुढे केल्यावर, मोटरीने किती फेरे घ्यावेत हे निर्माता पुस्तिकेत देतो. अनेक चार-स्ट्रोक मोटरींसाठी ते 5,000 ते 6,000 असतात. पिच एक इंचाने वाढवला की फेरे साधारण 150 ते 200 नी उतरतात, घटवला की तितकेच चढतात. म्हणजे चार इंचांची उडी मारल्यास 5,500 फेरे घेणारी मोटर 4,700 ते 4,900 वर अडकेल, पूर्ण शक्ती देणार नाही आणि वेगही बहुधा कमीच होईल. शिवाय जड ओझ्याखाली कुंथणाऱ्या इंजिनात तापमान आणि सिलिंडरमधील दाब वाढून ते लवकर झिजते. उलट पिच फार कमी असला तर इंजिन मर्यादेपलीकडे फिरू पाहते.

निमाडच्या बाबतीत एक गोष्ट पुस्तिका सांगत नाही. तिथल्या मे महिन्याच्या 42 अंशांच्या दुपारी हवा जानेवारीतल्या 12 अंशांच्या सकाळपेक्षा 9 ते 10 टक्के विरळ असते. इंजिनाची शक्ती जवळपास त्याच प्रमाणात घटते, आणि वर सांगितलेल्या घनाच्या नियमाने 5,500 मधले सुमारे पावणेदोनशे फेरे कमी होतात, म्हणजे एका इंचाच्या पिचइतकाच फरक. इंदिरा सागरची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 262 मीटर आहे. उंचीमुळे होणारी घट त्यामानाने किरकोळ, 3 टक्क्यांहून कमी. हिवाळ्यात पंखा निवडून उन्हाळ्यात मोटर बिघडली अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा. नावेच्या टोकाला बांधलेल्या लिंबू-मिरचीचा यात काही वाटा नाही. आणि चार पात्यांचा अमुक पंखा लावताच इंधन निम्मे होईल, असे छातीठोकपणे सांगणारी जाहिरात मला त्या लिंबू-मिरचीहून फारशी वेगळी वाटत नाही. चौथ्या पात्याने पकड वाढते आणि कंप कमी होतो हे खरे, पण त्यासाठी कमाल वेगाची थोडी किंमत मोजावी लागते.

म्हणून पंखा निवडायचा तो चाचणी करून. नेहमीइतकी माणसे, सामान आणि पेट्रोल भरावे, मोटरीची उंची आणि झुकाव योग्य ठेवावा, पूर्ण थ्रॉटलवर फेरे पाहावेत आणि ते पुस्तिकेतल्या कक्षेच्या वरच्या अर्ध्या भागात येईपर्यंत पिच बदलावा. बोट कधी एकट्याने आणि कधी माणसांनी भरून चालवायची असेल, तर भरलेल्या बोटीसाठी निवड करणे शहाणपणाचे. एकट्याने जाताना थ्रॉटल थोडा मागे घेता येतो. चाचणी महेश्वरला वाहत्या नर्मदेत घेतली, तर जीपीएसचा वेग काठाच्या तुलनेत असतो, पाण्याच्या नव्हे. त्यामुळे प्रवाहासोबत आणि प्रवाहाविरुद्ध अशा दोन्ही दिशांच्या वेगांची सरासरी घ्यावी, नाहीतर स्लिपचा आकडा खोटा निघेल. फेरे एकाएकी वर गेले आणि बोट मात्र पुढे जात नसेल, तर पिचला दोष देण्यापूर्वी पंख्याच्या मध्यातला, त्याला फिरत्या दांड्याशी जोडणारा रबरी बुश तपासावा. खडकावर आपटल्यानंतर तोच सुटून फिरू लागलेला असतो, आणि त्या अवस्थेत कोणत्याही पिचचा पंखा सारखाच निरुपयोगी ठरतो.